प्रोस्टेटच्या रेडिएशनआधी ठेवले जाणारे सोन्याचे मार्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं की अनेकांना सांगितलं जातं, "आधी आत मार्कर ठेवून घ्या, मग प्लॅनिंग करू." बायोप्सी, स्कॅन, रिपोर्ट या सगळ्यातून दमून आलेल्या माणसाला ही आणखी एक सुई कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पेशंट आणि घरचे पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. तुमच्या तब्येतीपुरता निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

मार्कर म्हणजे नक्की काय?

शुद्ध सोन्याचे बारीक तुकडे. लांबी साधारण ३ ते ५ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान. सहसा तीन ठेवतात, काही ठिकाणी चार. त्यात औषध नसतं, बॅटरी नसते, किरणोत्सर्गही नसतो. कॅन्सरवर त्यांचा स्वतःचा काडीचाही परिणाम होत नाही. एक्स-रेत ठळक दिसायचं, एवढ्यासाठीच ते आत असतात.

सोनंच का?

सोनं अतिशय जड धातू आहे, त्याचा अणुक्रमांक ७९. त्यामुळे एवढासा तुकडाही एक्स-रे अडवतो आणि फोटोत स्पष्ट उठून दिसतो. शिवाय ते शरीरात गंजत नाही, पेशींना सहसा खुपत नाही आणि चुंबकाकडे ओढलं जात नाही. किंमत किती, असंही काहीजण हसत हसत विचारतात. तिन्ही तुकडे मिळून पाव ग्रॅमसुद्धा भरत नाहीत.

प्रोस्टेट सीटी स्कॅनमध्ये दिसतंच की. मग वेगळ्या खुणा कशाला?

सगळ्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

प्लॅनिंगचा सीटी, म्हणजे किरण कुठून आणि किती द्यायचे हे ज्यावर आखतात तो स्कॅन, एकदाच होतो. उपचार मात्र पाच दिवसांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंत चालतो. प्रोस्टेट बसलेलं असतं मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे, आणि हे दोन्ही शेजारी सतत फुगतात, रिकामे होतात. गुदाशयात गॅस झाला की प्रोस्टेट पुढे ढकललं जातं, गॅस गेला की मागे येतं. ही हालचाल बहुतेक दिवशी काही मिलिमीटरची असते, पण कधीकधी सेंटिमीटरभरही होते. कमरेची हाडं मात्र जागच्या जागी असतात. म्हणजे रोज एकाच जागी झोपवता यावं म्हणून कातडीवर केलेल्या गोंदणखुणा मशीनच्या लेझरला अगदी बरोबर जुळल्या, हाडंही जुळली, तरी प्रोस्टेट प्लॅनमधल्या जागेवर असेलच असं नाही. आणि साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, प्रोस्टेट दिसत नाही.

याने खरंच फरक पडतो का? ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला. प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवशी ज्यांचा गुदाशय फुगलेला होता, त्यांच्यात पुढे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त आढळलं. कारण समजायला अवघड नाही. प्लॅन बनला तो पुढे ढकललेल्या प्रोस्टेटवर, उपचाराच्या दिवशी गुदाशय रिकामा होता, प्रोस्टेट मागे सरकलेलं होतं आणि त्याचा मागचा भाग किरणांच्या कडेला राहिला. त्या पेशंटना रोज आतली जागा बघून रेडिएशन दिलेलं नव्हतं.

थोडी जास्त जागा धरून रेडिएशन दिलं तर चुकणारच नाही ना?

पूर्वी तेच करायचे. प्रोस्टेटभोवती सगळ्या बाजूंनी सेंटिमीटरभर मोकळी कड धरायची, म्हणजे ते इकडेतिकडे झालं तरी किरणांत राहील. पण गणित करून पाहा. प्रोस्टेट ४ सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरला तर त्याचं आकारमान सुमारे ३३ घन सेंटिमीटर. सगळीकडून १ सेंटिमीटर कड धरली की ते ११३ होतं. कड ५ मिलिमीटरवर आणली तर ६५. मधले जे ४८ घन सेंटिमीटर वाचले, त्यात गुदाशयाची पुढची भिंत आहे, मूत्राशयाचं तोंड आहे. रेडिएशननंतर वर्षा-दोन वर्षांनी शौचावाटे रक्त जाणं किंवा लघवीची सारखी घाई होणं, हे त्रास इथूनच सुरू होतात.

मार्करमुळे रोजची जागा कळते, म्हणून कड कमी ठेवता येते. माझ्या मते मार्करचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कॅन्सरवरचा नेम सुधारतो हे खरंच, पण शेजारच्या अवयवांना जे मिळत नाही, त्याची किंमत पेशंटला पुढची अनेक वर्षं कळत राहते.

याचा पुरावा आहे का, की नुसता तर्क?

आहे, मात्र त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ८६.४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) इतका मोठा डोस घेतलेल्या पेशंटचे दोन गट तपासले गेले. एका गटाला मार्कर पाहून रोज जागा जुळवून रेडिएशन दिलं होतं, दुसऱ्याला तसं न करता. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रासदायक लघवीच्या तक्रारींचं प्रमाण तीन वर्षांनी पहिल्या गटात १०.४ टक्के होतं, दुसऱ्यात २० टक्के. हा अभ्यास २०१२ चा. पण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मार्करला देता येत नाही.

दुसरी बाजू अशी की आता डोस कमी दिवसांत देण्याकडे कल आहे. पूर्वी ३७ ते ३९ दिवस चालणारा उपचार आता बऱ्याच ठिकाणी ६० ग्रे, २० वेळांत होतो. ब्रिटनमधली 'चिप' ही मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत रुळली. 'पेस-बी' चाचणीत तर ३६.२५ ग्रे फक्त ५ वेळांत दिले. तिचे पाच वर्षांचे निकाल २०२४ मध्ये आले. आजार उलटला नाही असे पेशंट पाच फेऱ्यांच्या गटात ९५.८ टक्के होते आणि नेहमीच्या गटात ९४.६ टक्के. यात मार्करचा संबंध काय? एकोणचाळीसपैकी एका दिवशी नेम थोडा चुकला तर बाकीचे दिवस तो सांभाळून घेतात. पाचपैकी एक दिवस चुकला तर डोसाचा पाचवा हिस्सा भलतीकडे जातो. म्हणून फेऱ्या जितक्या कमी, तितकी रोजची जागा नक्की ठाऊक असणं महत्त्वाचं.

मार्कर कसे ठेवतात?

प्रोस्टेटची बायोप्सी झाली असेल तर बरंचसं ओळखीचं वाटेल. सोनोग्राफीचा प्रोब शौचाच्या जागेतून आत ठेवतात, त्यावर प्रोस्टेट दिसतं. मग बारीक पोकळ सुई एकतर गुदाशयाच्या भिंतीतून, नाहीतर अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून प्रोस्टेटमध्ये नेतात. सुईच्या टोकाशी मार्कर भरलेला असतो, तो आत सोडून सुई काढून घेतात. असं तीनदा. एकूण काम पंधरा-वीस मिनिटांचं, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

तिन्ही मार्कर एका ओळीत ठेवत नाहीत. वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात, उजवी-डावी बाजू साधून, एकमेकांपासून पुरेसे लांब ठेवतात. एकाच बिंदूवरून प्रोस्टेट किती सरकलं एवढंच कळतं. एका रेषेत नसलेले तीन बिंदू असले की ते किती फिरलं, कुठे कललं, हेही कळतं.

दुखतं का?

जागेवरच भूल देतात. भुलीची सुई टोचताना चुरचुरतं, नंतर दाब जाणवतो. मार्कर सुटताना हलकासा झटका बसल्यासारखं काहींना वाटतं. प्रोबचा अवघडलेपणाच जास्त त्रासदायक होता, असं बरेच जण नंतर सांगतात. बायोप्सीत दहा-बारा तुकडे घेतात, इथे सुई तीन-चारदाच जाते.

बाबांना बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला होता. पुन्हा सुया टोचायला भीती वाटते.

भीती रास्त आहे, आणि ही गोष्ट डॉक्टरांना अगोदर सांगितलीच पाहिजे. गुदाशयातून सुई जाते तेव्हा तिथले जंतू प्रोस्टेटमध्ये जाऊ शकतात. त्यामुळे अँटिबायोटिक देतात, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू काहींच्या आतड्यात असतात. आधी जंतुसंसर्ग झालेला असेल, मधुमेह असेल, अलीकडे अँटिबायोटिकचे कोर्स झाले असतील, तर त्वचेतून सुई नेण्याचा मार्ग अधिक सुरक्षित. त्यात संसर्गाचा धोका बराच कमी असतो. काही डॉक्टर आधी गुदाशयातला नमुना तपासून कोणतं औषध लागू पडेल ते पाहतात. कोणत्या मार्गाने करणार, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद करायच्या का?

स्वतःहून नाही. कोणती गोळी, कशासाठी, स्टेंट बसवून किती दिवस झाले, यावर ते ठरतं. मार्कर ठेवणारे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांचं आपसात बोलणं व्हावं. "शेजाऱ्यांच्यात पाच दिवस बंद ठेवली होती" हे तुमच्यासाठी उत्तर नाही.

घरी आल्यावर काय काय होऊ शकतं?

दोन-चार दिवस लघवी गुलाबीसर होणं, शौचाबरोबर थोडं रक्त दिसणं, बसताना खाली दुखणं. वीर्यात मात्र तपकिरी किंवा लालसर झाक काही आठवडे दिसू शकते. पाहून दचकायला होतं, पण धोका नसतो. वाट न बघता दवाखाना गाठायचा तो तीन गोष्टींसाठी: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, मग तो रात्री दोनला का येईना, लघवी तुंबणं, आणि गाठी पडण्याइतकं किंवा थांबतच नाही असं रक्त. यातला ताप सगळ्यात गंभीर. सकाळपर्यंत पॅरासिटामॉल देऊन बघू, असं करू नये.

मार्कर ठेवले, मग रेडिएशन लगेच का सुरू करत नाहीत?

सुयांमुळे प्रोस्टेटला थोडी सूज येते आणि मार्करही सुरुवातीला जरा सरकतात. साधारण आठवडाभरात दोन्ही स्थिरावतं. त्यानंतर केलेल्या सीटीवर प्लॅन बेतला तर तो पुढे टिकतो. एमआरआय करून तो सीटीवर बसवायचा असतो तेव्हाही मार्कर उपयोगी पडतात. एमआरआयमध्ये ते काळे ठिपके दिसतात आणि दोन्ही फोटो त्यांच्यावरून जुळवता येतात.

हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर आणखी एक गोष्ट असते. त्या औषधाने प्रोस्टेट आकसतं, आणि त्याबरोबर मार्करही एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून काही डॉक्टर हार्मोनचे दोन-तीन महिने होऊ देतात, मग प्लॅनिंग घेतात. हा उशीर ठरवून केलेला असतो, त्यात आजार वाढत नाही.

रोज मशीनवर काय करतात?

तुम्ही टेबलावर झोपलात की टेक्नॉलॉजिस्ट दोन दिशांनी एक्स-रे घेतात, किंवा मशीन तुमच्याभोवती फिरून छोटा सीटी घेतं. पडद्यावर आजचे मार्कर आणि प्लॅनमधले मार्कर एकावर एक दिसतात. फरक मिलिमीटरमध्ये येतो, तेवढं टेबल बाहेरूनच सरकवतात. झोपल्या झोपल्या टेबल आपोआप किंचित हललं असं वाटतं ते हेच. मग रेडिएशन. या फोटोंचाही थोडा डोस असतो, पण उपचाराच्या डोसापुढे तो अगदी नगण्य.

रेडिएशन चालू असतानाही प्रोस्टेट सरकू शकतं, आणि टेबलावरचा वेळ वाढेल तशी ही शक्यता वाढते. म्हणून काही यंत्रणा उपचार चालू असताना लक्ष ठेवतात. सायबरनाइफ हे रोबोटच्या हातावर बसवलेलं रेडिएशनचं मशीन थोड्या थोड्या वेळाने एक्स-रे घेऊन मार्करचा माग काढतं. सोन्याऐवजी विद्युतचुंबकीय संदेश देणारे तुकडे ठेवण्याचीही एक पद्धत आहे. त्यात एक्स-रेशिवाय सलग जागा कळते, मात्र हे तुकडे आकाराने मोठे असतात आणि पुढे एमआरआयचा फोटो त्या भागात बिघडवतात.

मार्कर आहेत, तर मग पाणी पिऊन आणि पोट साफ करून यायची कटकट कशाला?

मार्कर फक्त प्रोस्टेट कुठे आहे ते सांगतात. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात किती गॅस आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. समजा, आज मूत्राशय रिकामं आहे. मार्कर अगदी बरोबर जुळतील, पण प्लॅनमध्ये वर उचलली गेलेली आतडी आणि मूत्राशयाची भिंत आज खाली, किरणांच्या वाटेत आलेली असेल. छोटा सीटी घेतला तर हे दिसतं आणि तुम्हाला उठवून "थोडं पाणी पिऊन बसा" किंवा "एकदा जाऊन या" असं सांगतात. त्यात वेळ जातो, रांगेतले बाकीचे वैतागतात, पण तो वेळ कारणी लागतो.

म्हणून सांगितलेलं पाणी सांगितल्या वेळीच प्यायचं आणि बद्धकोष्ठ असेल तर लाजू नका, पहिल्याच आठवड्यात सांगा. लघवी धरवतच नसेल तर तेही बोला. थोड्या कमी भरलेल्या मूत्राशयावर प्लॅन करता येतो. रोज वेगवेगळं भरलेलं असण्यापेक्षा रोज सारखंच, पण कमी भरलेलं चालतं.

मार्कर हलला किंवा पडून गेला तर?

सूज उतरल्यावर मार्कर सहसा एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत नाहीत. एकमेकांमधलं अंतर रोज फोटोत दिसतंच. दोन जागेवर आणि तिसऱ्याचं अंतर बदललेलं, म्हणजे तो सरकला, त्याला हिशेबातून वगळतात. क्वचित एखादा मार्कर मूत्रमार्गात सुटून लघवीवाटे निघून जातो. बहुतेकदा कळतही नाही. उरलेल्या दोनांवर आणि सीटीवर काम होतं, पुन्हा सुई टोचायची वेळ सहसा येत नाही.

घरात लहान नातवंडं आहेत. जवळ घेतलं तर चालेल का?

खुशाल घ्या. मार्करमधून किरण निघत नाहीत, आणि बाहेरून रेडिएशन घेतल्यावर तुमच्या अंगातूनही निघत नाहीत. हा गोंधळ ब्रेकीथेरपीमुळे होतो. त्यात आयोडीन-१२५ किंवा पॅलेडियम-१०३ चे किरणोत्सर्गी दाणे कायमचे प्रोस्टेटमध्ये ठेवतात, ते बाहेरून दिसायला यांच्यासारखेच असतात, आणि त्यासाठी सुरुवातीचे काही महिने जवळिकीबद्दल वेगळ्या सूचना असतात. आपल्याला नक्की काय ठेवलंय, हे कागदावर बघून घ्या.

एमआरआय, विमानतळ?

सोन्याच्या मार्करवर दोन्ही चालतं. एमआरआयच्या फॉर्मवर मात्र लिहा. विमानतळावरचं यंत्र एवढ्याशा सोन्याने सहसा वाजत नाही.

शरीरसंबंधांवर परिणाम होतो का?

मार्करमुळे नाही. रेडिएशन आणि हार्मोनमुळे होऊ शकतो, तो विषय वेगळा आणि मोकळेपणाने बोलण्यासारखा आहे.

उपचार संपल्यावर मार्कर काढतात का?

नाही. ते आयुष्यभर तिथेच राहतात, काहीही करत नाहीत.

"स्पेसर जेल" म्हणतात ते हेच का?

नाही, बरेच जण या दोन्हींत गल्लत करतात. जेल प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मध्ये टोचतात. त्याने दोघांत सेंटिमीटरभर अंतर पडतं आणि गुदाशयाला कमी डोस बसतो. काही महिन्यांत ते शरीरात विरघळून जातं. मार्कर जागा दाखवतात, जेल अंतर पाडतं. दोन्ही करायचं असेल तर एकाच वेळी उरकता येतं. प्रत्येकाला दोन्ही लागतातच असं मात्र नाही.

मार्कर सगळ्यांनाच लागतात का? आमच्या डॉक्टरांनी नको म्हटलं.

तर त्यामागे कारण असेल. चांगला रोजचा सीटी घेणारं मशीन आणि तो वाचणारी अनुभवी टीम असेल, तर नेहमीच्या लांब उपचारासाठी मार्करशिवाय जागा जुळवता येते. जिथे मशीनलाच एमआरआय जोडलेला आहे, तिथे प्रोस्टेट थेट दिसतं. लॉस एंजेलिसमधल्या 'मिराज' चाचणीत एमआरआयवर २ मिलिमीटर कड ठेवली, सीटीवर ४. लघवीच्या सुरुवातीच्या मध्यम ते जास्त तक्रारी एमआरआय गटात २४.४ टक्के आणि सीटी गटात ४३.४ टक्के होत्या. प्रोस्टेट आधीच काढलेलं असेल तर मार्कर क्वचितच ठेवतात. रक्तस्रावाचा मोठा धोका असेल, गुदाशय शस्त्रक्रियेने काढलेला असेल, तरीही वेगळा विचार होतो.

पण पाच फेऱ्यांचा उपचार आहे, एमआरआय जोडलेलं मशीन नाही आणि मार्करही नाहीत, असं असेल तर "रोज प्रोस्टेटची जागा कशावरून ठरवणार?" हे मी तरी विचारल्याशिवाय राहणार नाही. चांगल्या विभागाकडे याचं सरळ उत्तर असतं.

खुब्याचा सांधा बदललेला आहे. मग?

धातूचा सांधा सीटीत पट्टे पाडतो, त्यामुळे प्रोस्टेटची कड नीट दिसत नाही. अशा वेळी मार्कर उलट जास्त उपयोगी. बाजूने घेतलेल्या एक्स-रेत सांध्याच्या सावलीत ते झाकले जाऊ शकतात, म्हणून तिरप्या कोनातून फोटो घेतात. सांधा कोणत्या बाजूचा आहे हे प्लॅनिंगच्या आधीच सांगा.

प्रोटॉन उपचार (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं रेडिएशन) घ्यायचा असेल तर हेच मार्कर चालतात का?

आधी विचारून घ्या. जाड सोन्यामागे प्रोटॉनच्या डोसात सावली पडू शकते, म्हणून तिथे बारीक किंवा वेगळ्या पदार्थाचे मार्कर पसंत करतात. नेहमीच्या एक्स-रे उपचारात ही अडचण जवळजवळ येत नाही. एका ठिकाणी मार्कर ठेवून दुसरीकडे उपचार घेणार असाल, तर मार्करचा प्रकार, संख्या आणि तारीख लिहिलेला कागद घ्या आणि जपून ठेवा. पुढे कधी पोटाचा एक्स-रे किंवा सीटी झाला आणि कोणी विचारलं, "हे तीन ठिपके कसले?", तरी तोच कागद दाखवायचा.